महाबळेश्वरचा सीझन कोणाचा?

आमच्या सांगलीच्या घरात महाबळेश्वर म्हणजे मे महिना. शाळेला सुट्टी, वडिलांना रजा, आणि मंडईजवळ मक्याची कणसे. आईने क्षेत्र महाबळेश्वरचे पंचगंगा मंदिर पहिल्यांदा पाहिले तेही मेमध्येच. गोमुखातून पडणारी बारीक धार बघून ती नदीलाच म्हणाली, "एवढीशीच होय गं तू?" जन्मभर कृष्णेच्या काठी राहिलेल्या बाईला ते पटेना. पावसाळ्यात यायला हवे, असे तिने ठरवून टाकले. त्यावर मुक्कामाच्या ठिकाणचा व्यवस्थापक हसला. "पावसात सीझन नसतो, काकू."

हा 'सीझन' ठरवला कोणी, याचा शोध मी पुढे बऱ्याच वर्षांनी घेतला.

१८२४ मध्ये जनरल लॉडविक हा डोंगर चढून आला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी करार करून ही जागा घेतली आणि बदल्यात वाईकडचे खंडाळा गाव दिले. सुमारे १,३७० मीटर उंचीवरच्या या गारव्यात आजारी गोरे शिपाई आणि अधिकारी बरे व्हावेत, हा हेतू. पुढे गव्हर्नरचा सारा लवाजमाच इथे येऊ लागला आणि वर्षाची वाटणी ठरून गेली. थंडीत मुंबई, उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे, पाऊस सरल्यावर पुन्हा काही आठवडे महाबळेश्वर. जूनमध्ये बंगले गवताच्या ताट्यांनी झाकून साहेब खाली उतरत. आपण आजही जे दोन सीझन मानतो, एप्रिल-मेचा आणि दिवाळीचा, ते मुळात या सरकारी मुक्कामाचे वेळापत्रक. शाळांच्या सुट्ट्या त्यात चपखल बसल्या, म्हणून ते टिकले.

साहेबाला पाऊस का नको होता, हे आकडे सांगतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. पुढे वाऱ्याकडे उरते ते थोडेच. एकोणीस किलोमीटरवरच्या पाचगणीला जेमतेम एक तृतीयांश पाऊस. आणखी पूर्वेला, शंभर किलोमीटरच्या आत, माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. आमच्या जिल्ह्यातल्या आटपाडी-जतचीही तीच गत. १८६० च्या दशकात जॉन चेसन याने पाचगणी वसवली ती बारमाही राहता यावे म्हणून. पुढे तिथे निवासी शाळा निघाल्या यात नवल नाही; पोरांना जूनमध्ये घरी पाठवून शाळा चालत नाही.

हल्ली आपली मंडळी युरोपलाही मेमध्येच निघतात, कारण पुन्हा सुट्टीच. तिकडचा हिशेब मात्र निराळा आहे. पॅरिसला जूनमध्ये दिवस सोळा तासांचा, डिसेंबरात सव्वाआठचा. तिथे ऋतू निवडायचा म्हणजे उजेड निवडायचा. पाऊस बाराही महिने थोडाथोडा, वर्षाला साधारण ६४० मिलिमीटर. साताऱ्यात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा फरक. इथे निवड पाण्याची. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत एकट्या महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पॅरिसचा जवळजवळ वर्षभराचा. आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या. हे पाणी कृष्णा, वेण्णा, कोयना यांतून खाली येते, कराडला कोयना कृष्णेत मिसळते, आणि मग आम्ही सांगलीकर आयर्विन पुलाच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. ४५ फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांवर गेले.

त्या वर्षी आमच्या तळमजल्यात ते शिरले. आईची शिलाई मशीन, लग्नातला पाट, सगळे चिखलात. त्यानंतर ती जुलैत महाबळेश्वरला जायचे बोलली नाही. फक्त रोज सकाळी विचारायची, "वर किती पडला?"

मग मी तिच्यासाठी वेगळा हंगाम शोधू लागलो. हिवाळा चांगला. हवा स्वच्छ, डिसेंबरपासून स्ट्रॉबेरी, एखाद्या पहाटे वेण्णा तलावाकाठी गोठलेले दवही दिसते; पण तिला पाणी पाहायचे होते. मेमध्ये गर्दी आणि धूसर दऱ्या. उरला तो पाऊस ओसरतानाचा काळ, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबरचा मध्य, ज्याला मी आज निःशंकपणे सर्वोत्तम म्हणेन. झरे भरलेले, धुके विरळ, आणि साताऱ्याहून वाटेत कास.

कासचे पठार म्हणजे जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर. पावसात ते चिंब होते, पाऊस गेला की झपाट्याने सुकते. म्हणून तिथल्या रोपट्यांना उगवणे, फुलणे, बी धरणे हे सगळे तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. मातीत कस नाही, तर सीतेची आसवे ही निळी-जांभळी फुले येणारी वनस्पती बारीक जीव पकडून पोट भरते. गेंद, तेरडा, पिवळा कवला असे रंग पंधरा-पंधरा दिवसांनी पालटतात. त्यामुळे 'नक्की कोणत्या तारखेला जाऊ?' या प्रश्नाला उत्तर नाही. पाऊस लांबला की बहरही लांबतो, आणि फुलांना मध्येमध्ये ऊनही लागते. २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर कास जागतिक वारसा यादीत आले तेव्हापासून शनिवार-रविवारी तिथे फुलांपेक्षा मोटारीच जास्त दिसतात. जायचे तर मंगळवार-बुधवार गाठावा.

आम्ही गेलो तो बुधवारच होता. कासला आई गाडीतून उतरून कठड्यापर्यंत चालली, थोडा वेळ थांबली, आणि पुढे चला म्हणाली. पंचगंगेच्या मंदिरात पायऱ्या ओल्या होत्या. गोमुखातली धार आता चांगली जाड होती, कुंडात पडताना आवाज करत होती. आईने ओंजळ भरून घेतली, पाणी डोळ्यांना लावले. मग पुजाऱ्याला विचारले, "औंदा किती पडला हो इथं?"

त्यांनी आकडा सांगितला. आई म्हणाली, "मग बरोबर. आमच्याकडं चाळीसच्या वर गेलं नाही."