वर्ण आणि वर्णपट : त्वचेच्या यांत्रिक वाचनाविषयी

‘वर्ण’ हा शब्द रंग, अक्षर आणि समाजातील स्थान असे तीन अर्थ एकाच वेळी वागवतो. ‘स्पेक्ट्रम’साठी ‘वर्णपट’ हा पर्याय रूढ झाला तेव्हा भौतिकशास्त्राच्या परिभाषेत एक सामाजिक इतिहासही नकळत शिरला. हायपरस्पेक्ट्रल प्रतिमाचित्रणाने मानवी त्वचा कशी ओळखली जाते, हे तौलनिक अभ्यासकाने पाहावे ते या पार्श्वभूमीवर.

सामान्य कॅमेरा प्रकाशाची लाल, हिरवा, निळा अशी त्रिविध विभागणी करतो. हायपरस्पेक्ट्रल संवेदक मात्र चित्रातील प्रत्येक बिंदूसाठी शेकडो अरुंद व सलग पट्ट्यांतील परावर्तन नोंदवतो. ‘नासा’ने विमानातून वापरलेल्या ‘एव्हिरिस’ या उपकरणात 400 ते 2500 नॅनोमीटरच्या दरम्यान असे 224 पट्टे होते. परिणामी प्रत्येक बिंदू हा वाचण्याजोगा आलेख बनतो.

त्वचेच्या आलेखात प्रामुख्याने तीन द्रव्यांची नोंद असते. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिन 540 व 577 नॅनोमीटरच्या आसपास दोन खळगे उमटवते. मेलॅनिनचे शोषण निळ्या-जांभळ्या प्रकाशात तीव्र असते आणि तरंगलांबी वाढेल तसतसे मंदावत जाते. सुमारे 1100 नॅनोमीटरच्या पलीकडे त्याचा प्रभाव जवळजवळ उरत नाही, तेथे पाण्याची सत्ता सुरू होते. म्हणजे डोळ्यांना जो भेद सर्वांत आधी जाणवतो तोच अवरक्त प्रदेशात मावळतो. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा ही आपली सारी विशेषणे (आणि विवाहविषयक जाहिरातींतील त्यांची उतरंड) तेथे निराधार ठरतात.

अमेरिकी हवाई दलाच्या तंत्रशिक्षण संस्थेत 2008-09 च्या सुमारास शोध व बचावकार्यासाठी झालेले संशोधन याच गुणधर्मावर आधारलेले होते. 1080 नॅनोमीटरवरील परावर्तनातून 1580 वरील परावर्तन वजा करावयाचे आणि त्या वजाबाकीस दोहोंच्या बेरजेने भागावयाचे. पाण्यामुळे 1580 वर त्वचा काळवंडते, मग ती कोणत्याही रंगाची असो. पण पाणी पानांतही असतेच! म्हणून हिरव्या व लाल प्रकाशातील परावर्तनाची तुलना जोडावी लागते. पान हिरव्याकडे झुकते, त्वचा लालकडे.

मेलॅनिनचे प्रमाण काढताना मात्र पुन्हा लघु तरंगलांबीकडे, लाल व निकटअवरक्त भागातील आलेखाच्या चढाकडे वळावे लागते. फॉन लुशानच्या 36 काचतुकड्यांशी त्वचा ताडून पाहण्याच्या रीतीपेक्षा हे निश्चितच सूक्ष्म आहे. फिट्झपॅट्रिक यांचे 1975 मधील वर्गीकरण तर आरंभी गोऱ्या त्वचेपुरतेच होते. तथापि आकडा सलग आहे एवढ्यावरून तो निःपक्षपाती मानणे घाईचे होईल, असे मला वाटते. कोणत्या तरंगलांबीवर मोजावयाचे आणि कोणाच्या त्वचेवर यंत्र जुळवून घ्यावयाचे, हे निर्णय माणसेच घेतात. बोटाला लावण्याचा पल्स ऑक्सिमीटर सर्वसाधारणपणे 660 आणि 940 नॅनोमीटर या दोनच तरंगलांबींवर विसंबतो. त्यांतील पहिलीवर मेलॅनिनचा प्रभाव अद्याप शिल्लक असतो. 2020 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, रक्तातील प्राणवायूची धोकादायक उणीव या उपकरणाच्या नजरेतून निसटण्याचे प्रमाण गोऱ्या रुग्णांच्या तुलनेत कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये जवळजवळ तिप्पट आढळले.