उन्हाळा आणि मोटारीचे टायर

वऱ्हाडातील वैशाखाचा ताप चाकांनाही चुकत नाही. बैलगाडीच्या चाकाचे लाकूड उन्हात आटते व लोखंडी धाव सैल होते. मोटारीच्या टायरचे दुखणे मात्र आतल्या आत वाढते. अमरावती-अकोला मार्गावर 2022 च्या जूनमध्ये 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झाले, त्याची गिनीजमध्ये नोंद आहे. परंतु 45 अंशांच्या उन्हात डांबर हवेहूनही कितीतरी अधिक तापते. अशा तापाने रबर लवकर कडक होते व त्याला चिरा पडतात.

अशा वेळी टायरमध्ये हवा कमी ठेवावी, हा समज घातक होय. दर 10 अंशांमागे दाब सुमारे दीड पौंड वाढतो हे खरे. पण ही वाढ टायर घडविणाऱ्याने हिशेबात धरलेली असते. उलट हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्यात अधिक दुमडतात, त्यातूनच उष्णता उपजते, आतले थर सुटतात आणि माणसांनी भरलेल्या गाडीचा टायर भर वेगात फुटतो.

म्हणून टायर थंड असताना, सकाळीच, गाडीवर लिहिलेला दाब भरावा. खाचांची खोली 1.6 मिलिमीटर उरताच टायर बदलावा. बाजूवरील चार अंकही पाहावेत: 1822 म्हणजे 2022 चा अठरावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासणी करावी; दहा वर्षे झाल्यावर खाचा शाबूत असल्या तरी टायर काढावा. आणि लांबचा प्रवास उन्हे चढण्यापूर्वी उरकावा. उन्हाळ्यात रात्री गाडी जुंपणारे गाडीवान हेच करीत.