शास्त्रज्ञाचे राक्षसरूप : एक कथाबीज आणि संशोधनाची शिस्त

१. प्रास्ताविक

संशोधनाने झपाटलेला एक शास्त्रज्ञ एकांतात प्रयोग करतो, तो प्रयोग स्वतःच्याच देहावर करून पाहतो आणि अखेरीस स्वतःच राक्षस बनतो, हे कथाबीज एकोणिसाव्या शतकापासून जगभरच्या साहित्यात व पुढे चित्रपटांत पुनःपुन्हा अवतरले आहे. त्याचा रूढ अर्थ सर्वांना ठाऊक असतो : माणसाने निसर्गाच्या कामात ढवळाढवळ करू नये, केल्यास त्याचे फळ भोगावे लागते. वर्गात अशी कथा शिकविली की बहुतेक विद्यार्थी हेच तात्पर्य लिहितात.

हे तात्पर्य जसेच्या तसे स्वीकारले तर विज्ञानाच्या अध्यापकाची मोठीच पंचाईत होते. एका तासाला जिज्ञासा हा सद्गुण म्हणून शिकवायचा आणि दुसऱ्या तासाला तोच विनाशाचे कारण म्हणून सांगायचा, असा विरोध निर्माण होतो. मूळ कथा बारकाईने वाचल्यास मात्र हा विरोध बराचसा मावळतो. या कथांमधील अनर्थाचे कारण ज्ञानापेक्षा ज्ञान मिळविण्याच्या पद्धतीत आहे, असे मत प्रस्तुत लेखात मांडले असून त्याच्या पुष्ट्यर्थ पाश्चात्त्य कथा, मुंबईतील एक ऐतिहासिक घटना आणि मराठी विज्ञानकथा यांचा विचार केला आहे.

२. तीन कथा आणि एक बंद दार

मेरी शेली यांची 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी १८१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत शास्त्रज्ञ स्वतः राक्षस होत नाही. तो एक प्राणी निर्माण करतो आणि तो जिवंत होताच घाबरून त्याला टाकून पळून जातो. त्या प्राण्याला कादंबरीत नावच दिलेले नाही. तरीही लोकांच्या बोलण्यात 'फ्रँकेन्स्टाइन' हे निर्मात्याचे नाव राक्षसालाच चिकटले. जबाबदारी टाकून देणारा निर्माता आणि राक्षस यांत फरक करण्याचे कारण लोकांना वाटले नाही, असाही याचा अर्थ लावता येतो.

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या १८८६ मधील कथेत डॉ. जेकिल एक द्रावण पिऊन क्रूर मिस्टर हाइड बनतो. माणसातील सत् आणि असत् यांचा झगडा म्हणून या कथेची चर्चा नेहमी होते. संशोधनपद्धतीच्या दृष्टीने तिच्या शेवटाकडील एक तपशील अधिक बोलका आहे. जेकिलजवळचा क्षार संपतो, तो नवा मागवितो, पण नव्या क्षाराने गुण येत नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात येते की पहिलाच साठा अशुद्ध होता आणि त्या अज्ञात अशुद्धतेमुळेच द्रावणाला परिणाम येत होता. म्हणजे आपल्या प्रयोगात नेमके काय घडले हे प्रयोगकर्त्यालाच माहीत नव्हते. ज्याची पुनरावृत्ती करता येत नाही असा तो प्रयोग होता, आणि तो ज्या एकमेव व्यक्तीवर झाला ती व्यक्ती स्वतः प्रयोगकर्ताच होती. डॉ. लॅन्यन या जुन्या वैद्यक मित्राशी मतभेद झाल्यावर जेकिलने आपले काम त्याला दाखविणेच सोडलेले असते. हाइडची ये-जा मागच्या बोळातील दाराने होते आणि शेवटी प्रयोगशाळेचे दार कुऱ्हाडीने फोडावे लागते.

एच. जी. वेल्स यांच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' (१८९७) मधील ग्रिफिन आधी कापडावर, मग मांजरावर आणि शेवटी स्वतःवर अदृश्यतेचा प्रयोग करतो. तो काम लपवितो याचे कारण कोणत्याही अध्यापकाला ओळखीचे वाटेल : आपले प्राध्यापक आपली कल्पना चोरतील, ही त्याची भीती. या लपवालपवीसाठी पैसा लागतो, म्हणून तो वडिलांजवळचे पैसे चोरतो. ते पैसे वडिलांचे नसतात आणि वडील आत्महत्या करतात. ग्रिफिन अदृश्य होण्यापूर्वीच त्याच्यातील माणूस बराचसा नाहीसा झालेला असतो. देहाचे रूपांतर नंतर येते.

तिन्ही कथांत संशोधकाला प्रश्न विचारणारा कोणी उरलेला नसतो. हीच त्यांच्यातील समान बाब होय.

३. मुंबई, १८९७ : उघड्या दाराआडचा प्रयोग

स्वतःवर प्रयोग करणे हेच दुष्कृत्य असते, तर डॉ. वाल्डेमार हाफकिन यांची गणना जेकिलबरोबर करावी लागली असती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आल्यावर हाफकिन तेथे दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजमधील तुटपुंज्या जागेत त्यांनी सुमारे तीन महिन्यांत लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. 'द इन्व्हिजिबल मॅन' प्रसिद्ध झाली तेच हे वर्ष. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर चाचणी झाली आणि लस घेतलेले व न घेतलेले यांची तुलना करण्यात आली. कैद्याची संमती कितपत मुक्त असते, हा प्रश्न आजची नीतिसमिती निश्चितच विचारील आणि तो योग्यही ठरेल. परंतु लसीची घडण, मात्रा आणि परिणाम यांच्या नोंदी इतरांना तपासता येतील अशा स्वरूपात उपलब्ध होत्या.

या नोंदींचे मोल पुढे पाच वर्षांनी कळले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि प्राण वाचविणारा शास्त्रज्ञ लोकांच्या नजरेत प्राण घेणारा ठरला. कथेतील रूपांतर द्रावणाने होते. येथे ते संशयाने झाले. त्यातून त्यांची सुटका झाली तीही तपासणीमुळेच. बाटली क्रमांकाने ओळखता येत होती आणि तिचा प्रवास शोधता येत होता. बाटली गावात उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता व तो पुरेसा निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही बाब पुराव्यात आली. रोनाल्ड रॉस यांच्यासह अनेक शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये जाहीरपणे हाफकिन यांची बाजू मांडली आणि ते दोषमुक्त झाले. परळच्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

जेकिलजवळ आपल्या क्षाराचा हिशेब नव्हता. हाफकिन यांच्याजवळ बाटलीचा क्रमांक होता. दोघांच्या भवितव्यातील अंतर बऱ्याच अंशी या एका गोष्टीत सामावले आहे.

४. आपली परंपरा आणि मराठी विज्ञानकथा

आपल्याकडे अशा प्रसंगी 'भस्मासुर' हा शब्द सहज ओठांवर येतो. प्रदूषणाचा भस्मासुर, महागाईचा भस्मासुर हे प्रयोग वृत्तपत्रांनी रुळविले आहेत. तथापि भस्मासुराला शक्ती मिळाली ती वरदानाने. त्याने काही शोधले नव्हते. शास्त्रज्ञाच्या कथेशी अधिक जवळचे नाते आहे ते पंचतंत्रातील सिंह जिवंत करणाऱ्या पंडितांच्या कथेचे. तीन पंडित आपापल्या विद्येने हाडे जुळवितात, मांस व कातडे चढवितात आणि प्राण घालू लागतात. चौथा फारसा शिकलेला नसतो, पण तो विचारतो : हा उठल्यावर आपल्याला खाणार नाही का? त्याची टिंगल होते. तो झाडावर चढतो आणि तेवढाच वाचतो. या कथेत विद्येची निंदा नाही. योग्य वेळी विचारलेल्या प्रश्नाला सभेत स्थान मिळाले नाही, याची ती कथा आहे.

मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत अग्रगण्य असलेले डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांचा जन्म कोल्हापूरचा, ही आपल्या परिसराच्या दृष्टीने विशेष बाब. त्यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत डाव्या सोंडेची मूर्ती आरशातील प्रतिमेप्रमाणे उलटून उजव्या सोंडेची होते आणि मूर्तीपासून निघालेला प्रयोग जिवंत माणसापर्यंत पोहोचतो. येथे राक्षसाचे सुळे किंवा नखे नाहीत. माणूस दिसायला तोच असतो, फक्त त्याचे डावे-उजवे पालटलेले असते. पण जीवरसायनाच्या दृष्टीने हा पालट साधा नाही. सजीवांतील प्रथिने डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची आणि त्यांतील शर्करा उजव्या घडणीच्या असतात. डाव्या हाताचा मोजा उजव्या हातात बसत नाही, तसे उलटलेल्या देहातील पाचकरसांना आपल्या नेहमीच्या भाकरीतील बरेचसे पोषण पचविता येणार नाही. भरल्या ताटावर उपासमार, असे त्या माणसाचे होईल.

ही कल्पना आता केवळ कथेपुरती राहिलेली नाही. अशा उलट घडणीचे जीवाणू प्रयोगशाळेत घडविण्याच्या दिशेने काही गट काम करीत होते. डिसेंबर २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ३८ शास्त्रज्ञांनी एकत्रितपणे इशारा दिला की असे जीवाणू माणूस, प्राणी व वनस्पती यांच्या रोगप्रतिकारशक्तीला चकवू शकतील आणि निसर्गातील त्यांच्या भक्षकांनाही दाद देणार नाहीत; म्हणून ते सुरक्षित असल्याचा भक्कम पुरावा मिळेपर्यंत निर्माण करू नयेत. इशारा देणाऱ्यांत याच दिशेने पूर्वी स्वतः काम केलेल्या शास्त्रज्ञांचाही समावेश होता, हे विशेष उल्लेखनीय आहे. त्यांनी आपली शंका सहकाऱ्यांपुढे ठेवली आणि सिंहात प्राण घालण्यापूर्वीच हात आवरला. पंचतंत्रातील चौथ्याचे म्हणणे येथे तिघांनी ऐकले, असे म्हणता येईल.

५. महाविद्यालयीन संशोधन आणि हे कथाबीज

आपल्या महाविद्यालयांतून राक्षस निर्माण होण्याची भीती कोणी बाळगणार नाही. तथापि जेकिलचा दोष लहान प्रमाणात सर्वत्र संभवतो. शिरोळ तालुक्यातील क्षारपड जमिनीचे नमुने तपासणारा विद्यार्थी घ्या. दहा नमुन्यांपैकी एकाची विद्युतवाहकता अपेक्षेबाहेर येते. अहवाल उद्या सादर करावयाचा असतो. तो नमुना यादीतून गळतो आणि आलेख सुबक दिसू लागतो. कदाचित तोच नमुना बंद पडलेल्या निचऱ्याकडे बोट दाखवीत असतो. ज्या शेतकऱ्याने विश्वासाने माती दिली, त्याच्या शेताचा निर्णय अशा वेळी एका अज्ञात अशुद्धतेवर उभा राहतो.

अशा विद्यार्थ्याला 'प्रामाणिक राहा' एवढे सांगून भागत नाही. प्रत्येक नमुन्याला क्रमांक, दिनांक घातलेली नोंदवही, वगळलेल्या नोंदीचे लेखी कारण आणि दुसऱ्या विद्यार्थ्याकडून फेरतपासणी या चार गोष्टी लावून द्याव्या लागतात. यांपैकी कशालाही मोठा खर्च येत नाही. मार्गदर्शकाची जबाबदारी याहून अवघड आहे. ग्रिफिनला प्राध्यापकाचा धाक वाटत होता आणि त्यातून त्याचे दार बंद झाले. विद्यार्थ्याच्या कामाचे श्रेय त्याचे त्यालाच मिळेल असा विश्वास वाटला, तरच तो आपली वही निःशंकपणे उघडून दाखवील.

विज्ञान व भाषा विभागांनी या कथा एकत्रितपणे शिकविल्यास त्याचा लाभ दोन्हीकडे होईल. भाषेच्या विद्यार्थ्याला जेकिलच्या क्षारातील रसायन कळेल आणि विज्ञानाच्या विद्यार्थ्याला नोंदवहीमागची माणुसकी कळेल.

६. समारोप

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. शास्त्रज्ञाच्या राक्षसरूपाची कथा जिज्ञासेविरुद्ध दिलेला कौल नाही. स्वतःवर प्रयोग करणारे हाफकिन आणि जेकिल यांच्यातील भेद साहसाचा नसून तपासणीला सामोरे जाण्याचा आहे. भारतीय कथापरंपरेने प्रश्न विचारणाऱ्या चौथ्या माणसाचे महत्त्व पूर्वीच ओळखले होते आणि २०२४ मधील शास्त्रज्ञांच्या इशाऱ्याने ते नव्याने सिद्ध केले. तज्ज्ञांकडून लेख तपासून घेण्याची जी प्रथा आपण नियतकालिकांत पाळतो, तिच्याकडे पुष्कळदा केवळ एक औपचारिकता म्हणून पाहिले जाते. वस्तुतः परीक्षकाचा त्रासदायक वाटणारा प्रश्न म्हणजे प्रयोगशाळेच्या दारावरील थाप असते. दार आतून उघडले गेले तर कुऱ्हाडीची गरज पडत नाही.