दावणीचं वासरू आणि मोठ्यांची गव्हाण



गळीत हंगाम सुरू झाला की तापी, गिरणा आणि पांझरेच्या काठी जनावरांना वाढ्याची सुगी येते. तोडणीवाल्यांकडून मोळ्या येतात, गव्हाण हिरवीगार भरते. गाय खाते, बैल खातो आणि शेजारी बांधलेलं दोन महिन्यांचं वासरूही तेच चघळतं. आपण म्हणतो, "खातंय ना, मग झालं!" पण झालं नाही. दोन शब्द लिहितो आहोत ते याचसाठी.

गाय चारा पचवते ती कोटीपोटातल्या जिवाणूंच्या जोरावर. लहान वासराचं कोटीपोट अजून तयार नसतं. प्यालेलं दूध थेट पोटाच्या चौथ्या कप्प्यात जातं. साधारण तीन महिन्यांपर्यंत कोटीपोट हळूहळू काम करू लागतं. तोवर मोठ्यांचा चारा हा त्याचा चारा नव्हे.

आपल्या खानदेशात गव्हाणीत पडणाऱ्या तीन गोष्टी बघा. पहिली, वाढे. त्यातलं ऑक्झॅलेट अंगातला चुना बांधून टाकतं. मोठ्या जनावराच्या कोटीपोटातले जिवाणू ते बरंचसं मोडतात, वासराला ती सोय नाही आणि हाडं तर त्याचीच वाढायची असतात. दुसरी, सरकीची ढेप. दुभत्या गाईला चांगली, पण तिच्यातलं गॉसिपॉल लहान वासराला बाधतं. तिसरी, युरिया-मळी घातलेला चारा. सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तो अजिबात देऊ नये. विषबाधा होऊन जनावर हातचं जातं.

मग द्यायचं काय? जन्मल्यावर तासाभरात चीक पाजावा. वार पडायची वाट पाहू नये. रोगाशी लढण्याची ताकद चिकातून मिळते आणि ती आतड्यातून शोषून घेण्याची मुभा पहिल्या दिवसापुरतीच असते. खरवस नंतर, आधी वासरू. वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे 25 किलोच्या वासराला दिवसाकाठी अडीच लिटर, दोन-तीन वेळांत विभागून द्यावा. पुढे दूधही त्याच मापाने.

दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर खुराक तोंडाला लावावा. 100 किलो खुराकासाठी भरडलेला मका 50 किलो, बुरशी न लागलेली शेंगदाणा ढेप 30, गव्हाचा कोंडा 17, क्षारमिश्रण 2 आणि मीठ 1 किलो. कोरड्या दाण्यानंच कोटीपोट लवकर तयार होतं. जोडीला लसूणघासाचं कोवळं वाळलेलं गवत आणि स्वच्छ पाणी. वासरू रोज पाऊण ते एक किलो खुराक खाऊ लागलं, की दूध हळूहळू तोडावं. जंताचं औषध डॉक्टरांना विचारूनच पाजावं.

आता खरी अडचण. वासरापुढे ठेवलेला खुराक शेजारची म्हैस एका जिभेत साफ करते! दूर पेरू देशात शेतकरी गिनीपिग नावाचा सशाहून लहान प्राणी खाण्यासाठी पाळतात. तिथेही पिल्लं मोठ्यांबरोबर एकाच खणात असतात. म्हणून खणात लहान भोकांचं कुंपण घालतात. पिल्लू आत शिरून खातं, मोठ्याला शिरता येत नाही. आपल्याला तर हे सोपंच आहे. गोठ्याच्या कोपऱ्यात चार बांबू असे आडवे-उभे बांधा, की वासरू जाईल आणि गाय अडेल. आत एक घमेलं ठेवा. झाली वासराची वेगळी गव्हाण.

मोठ्या जनावरांनाही नुसतं वाढं घालू नये. कुट्टी करून चुन्याची निवळी शिंपडावी, कडबा आणि घास मिसळावा.

खुरटलेली कालवड वर्षा-दोन वर्षांनी उशिरा विते आणि तेवढे दिवस तिला फुकट पोसावं लागतं. उसाच्या बेण्याला आपण जपतो ना? वासरू हे गोठ्याचं बेणंच आहे. या हंगामात चार बांबू तेवढे रोवा, एवढीच विनंती.