उसाचं बिल दोन तुकड्यांत का यायचं?

ज्यांना ऐकायला सवड झाली नाही, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

आमच्या कुरुंदवाडात थंडीच्या दिवसांत दोन शेतकरी भेटले की पहिला प्रश्न, "ऊस गेला का?" आणि दुसरा, "बिल जमा झालं का?" हा दुसरा प्रश्न सरकारी धोरणाचा आहे, हे मला फार उशिरा कळलं.

उसाचा किमान दर म्हणजे एफआरपी. तो केंद्र सरकार ठरवतं. 2024-25 च्या हंगामात तो 10.25 टक्के उताऱ्याला टनामागे 3400 रुपये होता. उतारा म्हणजे 100 किलो उसातून निघालेली साखर. उतारा 0.1 टक्क्यानं वाढला की टनाला 33 रुपये 20 पैसे वाढतात, घटला की तेवढेच घटतात. आणि 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज.

मग राज्य सरकारनं काय केलं? फेब्रुवारी 2022 मध्ये शासन निर्णय काढून एफआरपीचे दोन हप्ते केले. आपला कोल्हापूर जिल्हा पुणे महसूल विभागात येतो. तिथं पहिला हप्ता 10 टक्के उतारा धरून द्यायचा आणि उरलेले पैसे हंगाम संपून त्या वर्षाचा खरा उतारा ठरल्यावर.

आता मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढा. समजा, कारखान्याचा उतारा 12 टक्के आहे. पूर्ण दर होतो 3981 रुपये. 10 टक्क्यांनी होतो 3317. फरक टनाला 664 रुपये. एकरी 40 टन ऊस धरला, तर 26,560 रुपये मागे राहिले. तोडणी-वाहतूक दोन्हीकडं कापली जातेच, ती वेगळी.

"मिळणारच आहेत की नंतर," असं कुणी म्हणेल. पण सोसायटीचं पीक कर्ज पहिल्याच बिलातून वळतं होतं. एका वर्षी आमच्या घरी कर्ज कापून जे उरलं, त्यात खोडव्याचं खत बसलं, बहिणीची फी बसली नाही. आबांनी हातउसने घेऊन भरली.

गंमत बघा. राज्याचीच डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना आहे. 3 लाखांपर्यंतचं पीक कर्ज वेळेत फेडलं, तर व्याज शून्य. योजना चांगलीच आहे. पण एक धोरण म्हणतं, वेळेत फेड. दुसरं म्हणतं, तुझे पैसे जरा थांबून घे.

कारखान्यांची बाजूही ऐका. ऊस चार-पाच महिन्यांत येतो, साखर वर्षभर विकली जाते. शेतकऱ्याला 14 दिवसांत द्यायचे, तर गोदामातली साखर तारण ठेवून बँकेचं कर्ज काढावं लागतं, त्याचं व्याज चढतं. अडचण खरी आहे. पण ती सोडवायची कुणी? आधीच कर्ज काढून ऊस पिकवणाऱ्यानं?

हाच प्रश्न घेऊन आपल्या शिरोळचे राजू शेट्टी उच्च न्यायालयात गेले. मार्च 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो शासन निर्णय रद्द केला. मुद्दा सरळ होता: केंद्राच्या आदेशात 14 दिवस लिहिलेत, ते राज्याला असे बदलता येत नाहीत.

गावाच्या विकासाच्या योजना मोजताना आपण रक्कम बघतो, तारीख बघत नाही. मला तरी तारीखच मोठी वाटते. कारण कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढायच्या आत बरंच काही उरकायचं असतं.

म्हणून एक काम करा. घरच्या उसाच्या वजन पावतीचा फोटो काढून ठेवा. तारखेपासून 14 दिवस मोजा. बिलावर उतारा, तोडणी-वाहतूक आणि सोसायटीची कपात वेगवेगळी वाचा. पैसे थकले, तर पुण्याच्या साखर आयुक्तालयाकडं लेखी तक्रार करता येते.

आणि तुमच्याकडं बिल किती दिवसांत जमा झालं, ते व्हॉइस मेसेजनं नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!