टायगर मॉथ : वैमानिक घडवणारे दुपंखी विमान

डी हॅविलँड कंपनीचे ‘टायगर मॉथ’ हे दुपंखी, म्हणजे एकावर एक असे पंख असलेले, विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम आकाशात झेपावले. कंपनीच्याच आधीच्या ‘मॉथ’ विमानाची ती लष्करी गरजांनुसार सुधारलेली आवृत्ती होती. त्या सुधारणेमागचे कारण मात्र मुळातून समजून घेण्यासारखे आहे. या विमानात पुढे प्रशिक्षक आणि मागे शिकाऊ वैमानिक अशा दोन उघड्या बैठका होत्या, आणि जुन्या मॉथमध्ये वरचा पंख व त्याला तोलणाऱ्या दांड्या पुढच्या बैठकीच्या इतक्या जवळ होत्या की हवाई छत्री बांधलेल्या माणसाला संकटसमयी बाहेर उडी घेणे कठीण जाई. म्हणून वरचा पंख पुढे सरकवण्यात आला. त्यामुळे विमानाला उचलून धरणाऱ्या बलाचे केंद्रही पुढे गेले आणि तोल सावरण्यासाठी पंख टोकांकडे मागे झुकवावे लागले. टायगर मॉथची ओळख ठरलेली ती रेललेली ठेवण शिकवणाऱ्याचा जीव वाचावा या विचारातून आलेली आहे.

सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लाकडाचे, वर कापडाचे आवरण, १३० अश्वशक्तीचे इंजिन आणि ताशी सुमारे १७५ किलोमीटरचा कमाल वेग, असे हे साधे यंत्र होते. त्याला ब्रेक नव्हते आणि पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करावे लागे. प्रशिक्षकाचे शब्द ‘गॉस्पोर्ट ट्यूब’ नावाच्या पोकळ नळीतून, विजेच्या साधनाविना, मागच्या शिष्याच्या कानापर्यंत पोहोचत. विमान एका बाजूला कलवणाऱ्या झडपा, म्हणजे एलेरॉन, फक्त खालच्या पंखांना असल्यामुळे वळताना नाक उलट्या दिशेला ओढ घेई, आणि पायाने शेपटीचे सुकाणू वेळीच दाबले नाही तर विमान आडवे घसरू लागे. अशा वेळी एका गालावर लागणारा वारा उघड्या बैठकीतल्या शिकाऊला त्याची चूक यंत्राआधीच सांगत असे. उडवायला सोपे, पण नेटके उडवायला अवघड, हा या विमानाचा स्वभाव होता, आणि शिक्षणाचे साधन म्हणून त्याचे खरे मोल याच अवघडपणात होते, असे म्हटले पाहिजे.

१७ डिसेंबर १९३९ रोजी झालेल्या राष्ट्रकुल हवाई प्रशिक्षण करारानंतर या विमानाची मागणी प्रचंड वाढली. ब्रिटनमध्ये त्याचे उत्पादन काउली येथील मॉरिस मोटर्सकडे सोपवले गेले; ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि कॅनडातही ते बांधले गेले, कॅनडात तर तिथल्या थंडीमुळे बैठकांवर पारदर्शक आच्छादन चढवून. एकूण उत्पादन ८,००० च्या पुढे गेले. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाची धास्ती असताना याच विमानांवर छोटे बॉम्ब टांगण्याची तयारी झाली होती. त्याआधी १९३५ पासून ‘क्वीन बी’ नावाने त्याची वैमानिकाविना, रेडिओच्या आज्ञांवर उडणारी आवृत्ती तोफांच्या सरावासाठी लक्ष्य म्हणून वापरात होती. ‘ड्रोन’, म्हणजे नर मधमाशी, ही संज्ञा त्याच नावावरून सुचली, असे मानले जाते.

भारतात दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बेगमपेठ आणि जोधपूर येथील प्राथमिक उड्डाण शाळांमध्ये टायगर मॉथवर शिक्षण दिले जाई. स्वातंत्र्यानंतरही ते भारतीय हवाई दलात राहिले, आणि त्याची जागा घेणाऱ्या विमानाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले आणि जर्मनीत गटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली वायुगतिकी, म्हणजे वाहत्या हवेच्या बलांचे शास्त्र, शिकलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ‘एचटी-२’ या विमानाचा आराखडा तयार केला. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम उडाले. ते एकपंखी आणि संपूर्ण धातूचे होते, पण शिष्य आणि शिक्षक एकामागे एक बसण्याची टायगर मॉथची पद्धत त्यातही कायम होती. भारतीय हवाई दलाने पुढे एक जुने टायगर मॉथ, ‘एचयू ५१२’, दुरुस्त करून घेतले, आणि २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडन हवाई तळाच्या आकाशात ते पुन्हा उडाले.