स्थिर छायाचित्रांच्या फोल्डरमधून ‘थेट’ चित्रप्रवाह : हजीऱ्याच्या भरतीचे उदाहरण

प्रस्तावना
तापी नदी मुलताई येथे उगम पावते, खानदेशातील जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून वाहते आणि सुरतच्या पुढे हजीऱ्याजवळ समुद्रास मिळते. खंभातच्या आखाताच्या परिसरातील भरती-ओहोटी देशातील सर्वांत मोठ्या भरती-ओहोटींपैकी आहे. ओहोटीच्या तळापासून भरतीच्या माथ्यापर्यंत साधारणपणे ६ तास १२ मिनिटे लागतात. महाविद्यालयातील तासिका मात्र पाऊण तासाची असते. ही अडचण दूर करण्याचा एक स्वस्त मार्ग म्हणजे ठरावीक अंतराने घेतलेली छायाचित्रे संगणकाच्या नेटवर्कवरून चलच्चित्र म्हणून प्रसारित करणे. या पद्धतीचे तत्त्व, कार्यपद्धती व तीमधील धोका यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

तत्त्व
चलच्चित्र ही मुळात स्थिर चित्रांचीच मालिका असते. वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्यावरील वेगवेगळे रंग एकच होऊन दिसतात, ही बाब इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ‘किताब अल-मनाझिर’ या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात चर्चिली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ च्या सुमारास कुंडीतील रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित करून काही क्षणांत पडद्यावर दाखविली. हजीऱ्याच्या किनाऱ्यावर एकाच जागी कॅमेरा स्थिर ठेवून दर मिनिटास एक छायाचित्र घेतल्यास एका चढत्या भरतीची सुमारे ३७२ छायाचित्रे मिळतील. सेकंदास ५ या गतीने ती दाखविल्यास सहा तासांची भरती सव्वा मिनिटात पाहता येते. तेथे बंदर व मोठे कारखाने असल्याने छायाचित्रणाची परवानगी आधी घेणे आवश्यक आहे.

कार्यपद्धती
१. क्रम : फाईलींची नावे ०००१, ०००२ अशी समान अंकसंख्येची असावीत. १, २, १० अशी नावे दिल्यास अनेक प्रणाली १ नंतर १० घेतात आणि पाणी मागेपुढे उड्या मारताना दिसते. सर्व चित्रांचा आकारही सारखा असावा.
२. गती : एफएफएमपेग या मुक्त सॉफ्टवेअरला सेकंदास किती चित्रे पाठवावयाची हे सांगावे लागते. त्याचबरोबर फाईली प्रत्यक्ष गतीनेच वाचण्याची सूचना न दिल्यास संगणक आपल्या पूर्ण वेगाने सर्व चित्रे पाठवून मोकळा होतो. शेवटचे चित्र संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करण्याचीही सोय असते.
३. संकोचन : प्रत्येक चित्र पूर्ण जेपेग म्हणून पाठविण्याच्या पद्धतीस मोशन जेपेग म्हणतात. चित्र २०० किलोबाइटचे असल्यास सेकंदास ५ चित्रांसाठी सुमारे ८ मेगाबिट लागतात. प्रयोगशाळेतील ४० संगणकांना स्वतंत्र प्रवाह दिल्यास हाच आकडा ३२० मेगाबिट होतो व १०० मेगाबिटची जोडणी तुंबते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले एच.२६४ हे मानक मुख्यतः दोन चित्रांतील फरक पाठविते. किनारा स्थिर व पाणी तेवढे बदलणारे असल्याने येथे मोठी बचत होते. मात्र उशिरा जोडल्या गेलेल्या विद्यार्थ्यास पुढील पूर्ण चित्र येईपर्यंत थांबावे लागते.
४. वहन : आरटीएसपी हा संकेत प्रवाह सुरू करणे व थांबविणे यासाठी, तर आरटीपी प्रत्यक्ष चित्रे वाहून नेण्यासाठी वापरला जातो. विद्यार्थ्याच्या संगणकावर व्हीएलसीसारखा प्लेअर असला की पुरते.

‘थेट’ या शब्दाची मर्यादा
पाहणाऱ्याच्या संगणकास हा प्रवाह खऱ्या कॅमेऱ्याच्या प्रवाहासारखाच दिसतो. आरटीपीच्या प्रत्येक पाकिटावर क्रमांक व कालखूण असते. परंतु ती कालखूण चित्र केव्हा दाखवावे हे सांगते, छायाचित्र केव्हा घेतले हे सांगत नाही. चित्र घेतल्याची, पाठविल्याची व दाखविल्याची अशा तीन वेळा वेगवेगळ्या असतात, आणि नेटवर्कवरील ‘थेट’पणा केवळ शेवटच्या दोहोंशी संबंधित असतो. हे या विषयाचे मर्म होय.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि सुरतचा मोठा भाग पाण्याखाली गेला. अशा प्रसंगी नदीवर लावलेला कॅमेरा बंद पडला व सर्व्हर शेवटचेच चित्र पुन्हा पुन्हा पाठवीत राहिला, तर पडद्यावर पाणी स्थिर दिसेल आणि प्रत्यक्षात ते चढत असेल. प्रवाह खंडित न झाल्याने कोणासही शंका येणार नाही. न्यायालयातही हाच प्रश्न उपस्थित होतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जोडावयाच्या प्रमाणपत्रात फाईलीचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते. चित्र चालू दिसते एवढ्यावर त्याची सत्यता सिद्ध होत नाही.

अध्यापनात उपयोग
म्हणून प्रात्यक्षिकाचे दोन भाग करणे उचित ठरेल. पहिल्या भागात विद्यार्थ्यांनी फोल्डरमधून प्रवाह तयार करावा. दुसऱ्या भागात प्रत्येक छायाचित्रावर ते घेतल्याची तारीख व वेळ ठळकपणे उमटवावी, आणि ठरावीक काळात नवे चित्र न आल्यास ‘चित्र जुने आहे’ अशी सूचना पडद्यावर येईल अशी व्यवस्था करावी. मग शिक्षकांनी मुद्दाम नवी चित्रे थांबवावीत व ही बाब किती विद्यार्थ्यांच्या लक्षात येते ते पाहावे.

समारोप
या प्रयोगास महागडा कॅमेरा लागत नाही. एक साधा संगणक, मुक्त सॉफ्टवेअर व छायाचित्रांचे एक फोल्डर पुरेसे आहे. त्यातून विद्यार्थी चित्रप्रवाहाचे तंत्र शिकतीलच. शिवाय कोणतेही ‘थेट’ दृश्य पाहताना ते केव्हाचे आहे हे विचारण्याची सवय त्यांना लागेल, आणि पूररेषेवर राहणाऱ्या वस्त्यांच्या दृष्टीने ही सवय अधिक मोलाची आहे.